मेल सर्व्हर आणि होस्टनेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातल्या दहा-बारा ठिकाणचे मेल सर्व्हर माझ्याकडे आहेत. कुठे डाळ मिल, कुठे जिनिंग, कुठे केळीच्या व्यापाऱ्याचं ऑफिस, एक पतसंस्था. फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो: "भाऊ, मेल जात नही." मी जाऊन बघतो, तर मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम, म्हणजे पोस्टफिक्स, बिचारा ठणठणीत असतो. मशीनला स्वतःचं नाव ठाऊक नसतं, नाहीतर दुसऱ्याचं नाव ते भलत्याच ठिकाणी विचारत बसलेलं असतं. तेच ते प्रश्न आणि तीच ती उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतोय.

फाइलींची आणि कमांडची नावं खाली देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची. उदाहरणाला सगळीकडे एकच सर्व्हर धरलाय: टपाल.केळीबाग.एक्झाम्पल, पत्ता २०३.०.११३.२५. नावातलं शेवटचं 'एक्झाम्पल' आणि हा पत्ता, दोन्ही उदाहरणांसाठीच राखीव आहेत. तिथे कुणाचं खरं दुकान नाही.

सर्व्हरला आयपी पत्ता असतोच. मग नावाचा एवढा बाऊ कशाला?

वेब सर्व्हरला कुणी नाव विचारत नाही. मेल सर्व्हर मात्र समोरच्याच्या दारात गेल्या गेल्या 'ईएचएलओ' म्हणून आपलं नाव सांगतो, मगच पुढचं बोलणं. तेच नाव प्रत्येक मेलच्या 'रिसीव्हड' ओळीत छापलं जातं, मेसेज-आयडीत जातं, परत आलेल्या मेलवर पाठवणारा म्हणून दिसतं.

आणि नुसतं 'टपाल' सांगून भागत नाही. सावद्याच्या बाजारात उभं राहून "ओ पाटील!" अशी हाक मारून बघा, निम्मा बाजार वळून पाहील. पाटील कोणते, कुठल्या गावचे, तालुका कोणता, हे सांगावं लागतं. टपाल.केळीबाग.एक्झाम्पल ही तीच पाकिटावर पत्ता लिहायची पद्धत आहे, आधी माणूस, मग गाव, मग जिल्हा. याला पूर्ण नाव किंवा एफक्यूडीएन म्हणतात. अर्धवट नाव सांगणाऱ्याला बरेच सर्व्हर '५०४, नीड फुली-क्वालिफाइड होस्टनेम' असं सुनावून दारातूनच परत पाठवतात.

नाव कसं ठेवावं?

अक्षरं, आकडे आणि मधला डॅश, बस. अंडरस्कोर चालत नाही. 'मेल_१' असं नाव ठेवलेला सर्व्हर मी पाहिलाय. ऑफिसात वर्षभर नीट चालला, बाहेर मेल पाठवायची वेळ आली तेव्हा रडला. दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपर्यंत चालतो, आणि लिनक्सवर मशीनचं नाव ६४ अक्षरांपलीकडे जात नाही. अर्थात एवढं लांब नाव ठेवणाऱ्याला ते रोज टाइप करायची शिक्षा आपोआपच मिळते.

शेवटी '.लोकल' लावू नका. ते एमडीएनएससाठी, म्हणजे प्रिंटर वगैरेंनी घरातल्या घरात एकमेकांना शोधावं यासाठी राखून ठेवलंय. फक्त ऑफिसपुरतं नाव हवं असेल तर '.इंटर्नल' आहे, २०२४ मध्ये आयकॅननं, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेनं, ते खास त्यासाठी बाजूला काढलं. पण सर्व्हर बाहेर मेल पाठवणार असेल तर तुमच्या खऱ्या, विकत घेतलेल्या डोमेनखालचंच नाव द्या. दुसरा मार्ग नाही.

हे नाव मशीनवर लिहायचं कुठे?

घराघराची रीत वेगळी. लिनक्सवर ईटीसी या मांडणीच्या फोल्डरमधली 'होस्टनेम' फाइल, किंवा मशीन सुरू करणारं सिस्टमडी असेल तर 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम'. फ्रीबीएसडीवर 'आरसी.कॉन्फ'मध्ये 'होस्टनेम=' ची ओळ. ओपनबीएसडीवर 'मायनेम' नावाची एका ओळीची फाइल. मॅकवर 'एससीयूटिल'.

त्या फाइलीत छोटं नाव ठेवावं की पूर्ण, यावर लोक तासभर भांडतात. डेबियनवाले छोटं ठेवतात आणि पूर्ण नाव होस्ट्स फाइलीतून (नावं आणि पत्ते यांची मशीनवरचीच यादी) काढतात, रेडहॅट आणि बीएसडीच्या बाजूला पूर्णच लिहायची सवय आहे. मी मेल सर्व्हरवर पूर्ण नावच लिहितो, कारण पुढच्या प्रश्नातली भानगड त्यानं निम्मी मिटते.

होस्टनेम तर दिलंय. तरी मेल सर्व्हर बाहेर वेगळंच नाव का सांगतो?

कारण प्रत्येक मेल सर्व्हर स्वतःचं नाव आपापल्या पद्धतीनं काढतो.

पोस्टफिक्स मशीनला फक्त नाव विचारतं, डीएनएसकडे, म्हणजे नावाचा पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या यादीकडे, जात नाही. मिळालेलं नाव छोटं असेल तर मागे 'मायडोमेन' जोडतं, आणि तेही दिलेलं नसेल तर 'लोकलडोमेन'. म्हणजे तुमचा सर्व्हर जगाला 'टपाल.लोकलडोमेन' म्हणून ओळख देतो. जगात असे लाखभर लोकलडोमेनवाले असतील, तुम्हाला कोण ओळखणार? एक्झिमही आधी मशीनलाच विचारतं, पण नावात टिंब नसेल तर रिझॉल्व्हरकडून, म्हणजे मशीनमधल्या नावं शोधणाऱ्या भागाकडून, पूर्ण नाव मिळतंय का ते बघतं. सेंडमेल सगळ्यात हट्टी, त्याला पूर्ण नाव मिळालंच पाहिजे.

म्हणून अंदाजावर राहू नका, नाव सरळ लिहून टाका. पोस्टफिक्सच्या 'मेन.सीएफ'मध्ये 'मायहोस्टनेम', एक्झिममध्ये 'प्रायमरी_होस्टनेम', सेंडमेलच्या एमसी फाइलीत 'कॉन्फडोमेन_नेम'. डेबियनवर 'मेलनेम' नावाची आणखी एक फाइल असते, तिचा संबंध मात्र वेगळा आहे. मशीनवरून निघालेल्या मेलच्या पत्त्यात ॲटच्या पुढे काय लागायचं ते तिच्यात असतं. तिथे केळीबाग.एक्झाम्पल हवं, टपाल.केळीबाग.एक्झाम्पल नको.

सेंडमेल सुरू होताना पूर्ण एक मिनिट गप्प बसतं. बिघडलंय का?

नाही, ते स्वतःचं नाव आठवतंय. लॉगमध्ये 'माय अनक्वालिफाइड होस्ट नेम... अननोन, स्लीपिंग फॉर रिट्राय' अशी ओळ सापडेल. पूर्ण नाव मिळालं नाही की ते साठ सेकंद झोपतं आणि उठून परत एकदा विचारतं. होस्ट्स फाइलीतली ओळ नीट केली की झोप उडते.

होस्ट्स फाइलीतली ती ओळ नीट म्हणजे कशी?

आधी पत्ता, मग पूर्ण नाव, मग छोटं नाव. याच क्रमानं:

२०३.०.११३.२५ टपाल.केळीबाग.एक्झाम्पल टपाल

पत्त्यानंतरचं पहिलं नाव हे मुख्य नाव, बाकीची सगळी टोपणनावं. 'टपाल' आधी लिहिलंत तर 'होस्टनेम -एफ' म्हणजेच "पूर्ण नाव सांग" असं विचारल्यावरही मशीन 'टपाल' एवढंच सांगतं. ही एका शब्दाच्या अदलाबदलीची चूक मी इतक्या ठिकाणी दुरुस्त केली आहे, की नव्या जागी गेलं की चहा यायच्या आत मी हीच फाइल उघडतो.

दुसरी गोष्ट १२७.०.०.१ ची, म्हणजे मशीननं स्वतःलाच हाक मारायच्या पत्त्याची. त्या ओळीवर फक्त 'लोकलहोस्ट' असू द्या. आपलं खरं नाव तिथे चिकटवलं की मशीन स्वतःच्याच नावानं स्वतःच्याच पोटात बघायला लागतं, आणि नाव वाचून पोर्ट उघडणारे प्रोग्राम मग बाहेरून दिसतच नाहीत. डेबियन इन्स्टॉल करताना १२७.०.१.१ अशी एक वेगळी ओळ टाकतं, ती कायमचा पत्ता नसलेल्या लॅपटॉपसारख्या मशीनसाठीची सोय आहे. सर्व्हरला पक्का आयपी असेल तर ती ओळ काढून तिथे खरा पत्ता लिहा.

आयपी बदलला तर ही ओळही बदलावी लागते. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

नाव शोधताना मशीन आधी कुणाला विचारतं?

ते 'एनएसस्विच.कॉन्फ'मधल्या 'होस्ट्स:' या ओळीवर ठरतं. तिथे 'फाइल्स डीएनएस' असेल तर आधी होस्ट्स फाइल, तिथे नाही मिळालं तर डीएनएस. डीएनएसला कुठे विचारायचं ते 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये.

डेस्कटॉपसाठी बनवलेलं उबुंटू उचलून त्याचाच सर्व्हर केला असेल, तर त्या ओळीत मधेच 'एमडीएनएस४_मिनिमल' आणि कंसात 'नॉटफाउंड=रिटर्न' दिसेल. म्हणजे '.लोकल'वालं नाव एमडीएनएसला मिळालं नाही तर तिथेच थांब, डीएनएसला विचारूच नकोस. ऑफिसचं जुनं डोमेन '.लोकल' असलेल्यांचा घोळ इथे होतो. डीएनएसमध्ये नाव आहे, तिथवर कुणी जातच नाही.

ओपनबीएसडीला ही फाइलच नाही, तिथे 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये 'लुकअप फाइल बाइंड' असं लिहितात. डॉकरमध्ये हमखास भेटणारं अल्पाइनही 'एनएसस्विच' वाचत नाही. त्याचा क्रम ठरलेला: होस्ट्स फाइल, मग डीएनएस. शिवाय ते यादीतल्या सगळ्या डीएनएस सर्व्हरना एकदमच विचारतं आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतं. 'पहिला ऑफिसचा, दुसरा बाहेरचा' अशी यादी करून अल्पाइनवर कुणी निवांत बसू नये.

पिंग जातो, मेल जात नाही. हे कसं काय?

हा माझा आवडता प्रश्न.

एका डाळ मिलमध्ये आतला मेल सर्व्हर आणि बाहेर मेल नेणारा रिले अशी दोन मशीनं होती. रिलेचं नाव कुठल्याच डीएनएसमध्ये नव्हतं, फक्त होस्ट्स फाइलीत. तिथला मुलगा हुशार. पिंग आणि टेलनेट, म्हणजे रिलेपर्यंत पोचता येतं का बघायच्या कमांड, करून दाखवल्या, दोन्ही चालल्या. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये मात्र 'होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड'. मुलगा म्हणाला, "पोस्टफिक्स आंधळंय का?"

आंधळं नाही, त्याला फाइल बघायची सांगितलेलीच नाही. पिंग, टेलनेट, ब्राउझर हे सी लायब्ररीमार्फत, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात त्या सिस्टीमच्या सामायिक भागामार्फत, विचारतात, आणि ती 'एनएसस्विच'च्या क्रमानं आधी होस्ट्स फाइल बघते. मेल पाठवणारं पोस्टफिक्स मूळ मांडणीत थेट डीएनएसला विचारतं, कारण 'एसएमटीपी_होस्ट_लुकअप'ची किंमत 'डीएनएस' असते. तिथे 'डीएनएस, नेटिव्ह' असं केलं की डीएनएसला नाही मिळालं तर ते सी लायब्ररीलाही विचारतं, म्हणजे होस्ट्स फाइलीपर्यंत पोचतं. सेंडमेलमध्ये याच कामाला 'सर्व्हिस.स्विच' फाइल आहे.

एवढ्यानंही भागत नाही. मेलचा पत्ता शोधताना आधी एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे 'या डोमेनची मेल कुठल्या मशीनकडे द्यायची' ही डीएनएसमधली नोंद, शोधला जातो, आणि होस्ट्स फाइलीत एमएक्स लिहिता येतच नाही. तिथे फक्त नाव आणि पत्ता. म्हणून रिलेचं नाव देताना ते चौकोनी कंसात द्या: '[रिले.केळीबाग.एक्झाम्पल]:५८७'. कंस म्हणजे "एमएक्स शोधू नको, याच मशीनचा पत्ता काढ". हा अर्थ पोस्टफिक्स आणि सेंडमेल दोघांनाही कळतो. त्या मिलमध्ये मी कंस टाकले, 'नेटिव्ह' जोडलं, आणि रांगेतली मेल सुटली. नंतर मात्र आतलं छोटं डीएनएसच उभं केलं, कारण प्रत्येक मशीनवर होस्ट्स फाइल हातानं लिहिणं म्हणजे घरोघरी वेगळं पंचांग.

तपासतानाही हाच गोंधळ होतो. 'डिग' होस्ट्स फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही, 'गेटएंट होस्ट्स' बघतं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर कुणीच खोटं बोलत नाहीये, तुम्ही दोन वेगळ्या माणसांना विचारलंय. तक्रार ज्या प्रोग्रामची आहे तो कुणाला विचारतो ते आधी ठरवा, मग त्याच दारात जाऊन विचारा.

रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलली, तरी पोस्टफिक्स जुन्याच सर्व्हरला विचारतंय.

'मास्टर.सीएफ'मध्ये 'क्रूट'चा रकाना बघा. तिथे 'वाय' असेल तर तो भाग एका बंद खोलीत चालतो आणि त्याच्यासाठी 'ईटीसी' म्हणजे पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमधलं 'ईटीसी'. तिथे रिझॉल्व्ह, होस्ट्स, एनएसस्विच यांच्या नकला ठेवलेल्या असतात. तुम्ही बाहेरची फाइल बदलली, आतली शिळीच. डेबियन-उबुंटूच्या जुन्या मांडणीत हे नेहमीचं आहे. पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केलं की त्यांच्या स्क्रिप्ट नव्या नकला करतात. नुसतं 'रीलोड' पुरेलच असं नाही.

आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ दर वेळी आपोआप बदलते, ती?

ती तुमची राहिलेली नाही, तिला मालक मिळालाय. नेटवर्कची मांडणी आपोआप करणारे डीएचसीपी, नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हडी. फाइलीच्या डोक्यावरच बहुधा लिहिलेलं असतं की मला कोण लिहितं. आत १२७.०.०.५३ दिसलं तर रिझॉल्व्हडी. बदल त्या मालकाच्या मांडणीत करा. 'सीएचॲटर +आय' करून फाइलीला कुलूप घालणारे आहेत, मीही घातलंय. पण तीन वर्षांनी दुसरा माणूस येतो, रूट असूनही त्याला फाइल बदलता येत नाही, आणि तो मनातल्या मनात आपल्याला जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गूगलचं ८.८.८.८ टाकलं तर काय बिघडलं? वेगवान आहे की.

घरच्या मोबाइलला खुशाल टाका. मेल सर्व्हरला टाकू नका.

स्पॅम अडवायला मेल सर्व्हर डीएनएसमधल्या काळ्या याद्या बघतो, येणारा आयपी यादीत आहे का म्हणून. स्पॅमहाउससारखी मोठी यादी सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एक खुणेचा आकडा परत पाठवते. अर्थ: तुम्ही चुकीच्या वाटेनं आलात. आता तुमच्या मांडणीत 'काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत आहे' असं धरलेलं असेल, तर जगातला प्रत्येक पाठवणारा स्पॅमर ठरतो. माझ्याच हातून हे झालंय. एका ऑफिसचं डीएनएस संध्याकाळी घाईत ८.८.८.८ केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे येणारी सगळी मेल परत. दिल्लीच्या व्यापाऱ्यानं फोन करून विचारलं, "आमचा हिशोब काय राहिलाय का, पत्र परत पाठवता?" तेव्हापासून मी यादीच्या नावापुढे कोणते आकडे खरे मानायचे तेही लिहितो, '=१२७.०.०.[२..११]' असं.

उपाय साधा आहे: मेल सर्व्हरवरच अनबाउंड, म्हणजे स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, बसवा आणि 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये 'नेमसर्व्हर १२७.०.०.१'. मूळ मांडणीत ते फक्त त्याच मशीनला उत्तर देतं, त्यामुळे बाहेरचं कुणी त्याचा गैरफायदा घेत नाही. फक्त त्याला पुढे ८.८.८.८ ला प्रश्न ढकलायला सांगू नका. मग फिरून भोपळे चौकात.

दुसरा फायदा उन्हाळ्यात कळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, वीज जाते, ब्रॉडबँडचा राउटर तापून मान टाकतो, आणि राउटरमधलं डीएनएस इंटरनेट परत आलं तरी पाच-दहा मिनिटं शुद्धीवर येत नाही. लिनक्सचा रिझॉल्व्हर 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मधले पहिले तीनच सर्व्हर धरतो, प्रत्येकासाठी ५ सेकंद थांबतो आणि दोन फेऱ्या करतो. तिन्ही गप्प असतील तर एका नावामागे अर्धा मिनिट गेला. रांगेत दोनशे मेल असतील तर सर्व्हर 'हँग' झालाय असंच वाटतं. स्वतःचं अनबाउंड असलं की निदान राउटरच्या लहरीवर बसावं लागत नाही.

रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 'सर्च' ओळ ठेवावी का?

मेल सर्व्हरवर शक्यतो नाही. 'सर्च केळीबाग.एक्झाम्पल' असेल तर न सापडलेल्या नावामागे हे शेपूट लावून परत शोधलं जातं. डोमेनमध्ये 'काहीही चालेल' असा वाइल्डकार्ड रेकॉर्ड असेल तर अस्तित्वात नसलेली प्रत्येक कंपनी तुमच्याच वेब सर्व्हरवर सापडते. पोस्टफिक्सचा पाठवणारा भाग डीएनएसला विचारताना हे शेपूट आपणहून लावत नाही. सेंडमेलमध्ये यासाठी 'हॅजवाइल्डकार्डएमएक्स' नावाचा खास पर्याय ठेवावा लागला, यावरून किती लोक यात पडले असतील ते समजा.

एमएक्स रेकॉर्ड लिहिताना काय सांभाळायचं?

एमएक्समध्ये नाव लिहायचं, आयपी नाही. आणि ते नाव सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाचं टोपणनाव असता कामा नये, त्याला स्वतःचा ए रेकॉर्ड, म्हणजे नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद, हवा. ही १९९७ च्या आरएफसी २१८१ या इंटरनेटच्या नियमपत्रकाची अट. मोडली तरी बहुतेक ठिकाणी मेल जाते, एखाद्याच ठिकाणी जात नाही, आणि ते एक ठिकाण नेमकं बिल द्यायचं असलेलं असतं.

आकडा लहान तो आधी. १० आणि २० असे दोन असतील तर १० वाला बंद पडल्यावर २० वाल्याची पाळी. एमएक्स मुळीच नसेल तर डोमेनच्या ए रेकॉर्डवर मेल टाकून बघितली जाते. त्यामुळे "आम्ही एमएक्स टाकलाच नाही, तरी मेल येते" म्हणणारे भेटतात, आणि वेबसाइट दुसरीकडे हलवली की तेच "मेल बंद झाली" म्हणून भेटतात.

झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींची फाइल, हातानं लिहीत असाल तर नावाच्या शेवटी टिंब. विसरलात तर 'टपाल.केळीबाग.एक्झाम्पल.केळीबाग.एक्झाम्पल' असं दुहेरी गाव तयार होतं.

'मेल लूप्स बॅक टु मायसेल्फ' म्हणजे?

डीएनएस म्हणतं या डोमेनची मेल तुमच्याकडे द्यायची, आणि तुमचा सर्व्हर म्हणतो हे डोमेन माझं नाहीच. मग तो स्वतःलाच पाठवायला निघतो आणि वेळीच थांबतो. पोस्टफिक्समध्ये 'मायडेस्टिनेशन' किंवा व्हर्च्युअल डोमेनच्या यादीत, सेंडमेलमध्ये 'लोकल-होस्ट-नेम्स'मध्ये ते डोमेन लिहा. सर्व्हर राउटरच्या आड, खासगी पत्त्यावर असेल तर बाहेरचा पत्ता 'प्रॉक्सी_इंटरफेसेस'मध्येही सांगावा लागतो. एरवी तो पत्ता आपलाच आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

याच्या उलटा प्रकार जास्त भेटतो आणि जास्त छळतो. डोमेनची मेल बाहेरच्या सेवेकडे, वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर. साइटवरच्या फॉर्ममधून जगभर मेल जाते, फक्त स्वतःच्याच ऑफिसला जात नाही: 'युझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल'. कारण कुणीतरी 'मायडेस्टिनेशन'मध्ये स्वतःचं डोमेन लिहून ठेवलंय. सर्व्हर ते आपलंच समजून घरातच माणूस शोधतो, घरात तो नाही. ती ओळ पुसा.

रिव्हर्स डीएनएस कुठे लिहायचं? आमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही.

सापडणार नाही. नावावरून पत्ता हे तुमच्या हातात, पत्त्यावरून नाव हे ज्यानं पत्ता दिला त्याच्या हातात. सातबारा ज्याच्या नावावर, सही त्याची. इंटरनेट पुरवणाऱ्याला किंवा क्लाउडवाल्याला सांगून २०३.०.११३.२५ चा पीटीआर रेकॉर्ड टपाल.केळीबाग.एक्झाम्पल करून घ्या. मग उलटसुलट जुळतं का बघा: पत्त्याचं नाव, त्या नावाचा परत पत्ता, दोन्ही टोकं एकाच जागी यायला हवीत. ईएचएलओमधलं नावही तेच ठेवा. जीमेलनं फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांना ही जुळणी बंधनकारक केली. इतरही बरेच '४५०, कॅनॉट फाइंड युअर होस्टनेम' म्हणून मेल ताटकळत ठेवतात. पोस्टफिक्स अशा मेलसाठी मूळ मांडणीत पाच दिवस प्रयत्न करतं आणि मग परत करतं. म्हणून पीटीआरची बोंब सोमवारी झाली तरी आरडाओरड शनिवारी सुरू होते.

आयपीव्ही६ चालू असेल तर त्याच्या पत्त्यालाही वेगळा पीटीआर लागतो. तो नसेल आणि मिळण्यासारखा नसेल तर 'इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४' करून मोकळे व्हा.

पक्का आयपीच मिळत नसेल तर स्वतःहून बाहेर मेल पाठवायचा हट्ट सोडा. कुठल्यातरी रिलेमार्फत ५८७ पोर्टवरून पाठवा. क्लाउडवरही हा प्रश्न येतो, उदाहरणार्थ गूगल क्लाउडवर बाहेर जाणारं २५ पोर्ट बंदच असतं.

सर्व्हरला देवनागरी नाव देता येईल का? '.भारत' तर आलंय.

'.भारत' २०१४ पासून विकत मिळतं, आणि त्याखाली मराठी नाव घेता येतं. पण डीएनएसच्या पोटात देवनागरी जात नाही. तिथे त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर होतं, प्युनीकोड म्हणतात त्याला, आणि ते दिसतं कुणी कीबोर्डवर बसल्यासारखं. ईएचएलओ, पीटीआर, होस्ट्स फाइल, सगळीकडे ते रोमन रूपच लिहावं लागतं. ॲटच्या आधीचा भागही देवनागरीत हवा असेल तर दोन्ही टोकांना 'एसएमटीपीयूटीएफ८' लागतं. पोस्टफिक्सला ते २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून येतं. समोरच्याला येत नसेल तर तुमची मेल परत. म्हणून मराठी पत्ता जरूर घ्या, मीही घेतलाय, पण सर्व्हरचं नाव रोमनच असू द्या आणि बिलांवर रोमन पत्ताही छापा.

नाव बदलायचं ठरलं तर?

आदल्या दिवशी जुन्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, ३०० वर आणा. नवीन ए रेकॉर्ड आधी, मग पीटीआर, मग सर्व्हरवरचं नाव, शेवटी एमएक्स. टीएलएस सर्टिफिकेट नव्या नावाचं लागेल, हे लोक हमखास विसरतात. जुनं नाव निदान महिनाभर जिवंत ठेवा, कारण कुणाच्या तरी फोनमध्ये ते टाकलेलं असतंच. आणि शुक्रवारी संध्याकाळी हे करू नका. केळीच्या हंगामात तर कुठल्याच वारी नको.

तुम्हाला फोन करण्याआधी काय करून ठेवू?

पाच उत्तरं कागदावर उतरवा. 'होस्टनेम -एफ' काय म्हणतं. 'गेटएंट होस्ट्स' त्याच नावाला काय पत्ता देतं. 'डिग' त्याच नावाला काय देतं. 'डिग -एक्स' तुमच्या बाहेरच्या पत्त्याला कोणतं नाव देतं. आणि मेल सर्व्हर स्वतःला काय समजतो: पोस्टफिक्सला 'पोस्टकॉन्फ मायहोस्टनेम', एक्झिमला 'एक्झिम -बीपी प्रायमरी_होस्टनेम' (त्यात 'पी' कॅपिटल), सेंडमेलला 'सेंडमेल -डी०.१ -बीटी'. पाचांत जिथे पहिला फरक दिसेल त्याच्याच आसपास दुखणं असतं, आणि बरेच जण फोन लावायच्या आत स्वतःच दुरुस्त करून टाकतात.

नाहीच जमलं तर लॉगमधल्या शेवटच्या वीस ओळी कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको. त्यात ट्यूबलाइटच जास्त दिसते.